चाळण: पायथनचं घर कुठे, हे सांगण्याचा उद्योग (मार्च २०२५ च्या प्रकल्प नोंदी)

३ मार्च २०२५, सोमवार

आजपासून नोंदी ठेवतोय, मागच्या वेळी काय केलं ते दोन महिन्यांनी मलाच आठवत नव्हतं म्हणून. चाळण म्हणजे माझा सी मध्ये लिहिलेला डेटा साफ करायचा टूल, त्यात वापरणाऱ्याला आपले नियम पायथनमध्ये लिहिता यावेत म्हणून पायथन ३.११ आतच बसवलंय, म्हणजे वेगळं पायथन इन्स्टॉल करायला लागू नये हा सगळा खटाटोप. लायब्ररीची डॉट-एसओ फाइल आणि स्टँडर्ड लायब्ररीचं अख्खं फोल्डर आम्ही सोबतच देतो, /ऑप्ट/चाळण/रनटाइम मध्ये; ही लायब्ररी जिथे सापडते ते पायथनचं घर.

माझ्या मशीनवर (डेबियन १२) गेले तीन आठवडे मस्त चालतंय. आज टेस्टिंग बघणाऱ्या सहकारीने तिच्या उबुंटू २४.०४ वर टाकलं आणि पहिल्याच सेकंदाला मेलं. फेटल पायथन एरर, फाइलसिस्टमच्या एनकोडिंगचा कोडेक (बाइट्सची अक्षरं करणारा कोड) मिळाला नाही, आणि खाली ती जगप्रसिद्ध ओळ: एनकोडिंग्ज नावाचं मॉड्यूल नाही.

ही ओळ बघून माणूस आधी एनकोडिंगच्याच मागे लागतो, लोकेल (भाषेची सेटिंग) बघतो, यूटीएफ-८ बघतो, मी पण अर्धा तास तेच केलं. खरं तर एनकोडिंगचा काही दोष नसतो. पायथन उठताना फाइलची नावं वाचायला कोडेक लागतो, तो एनकोडिंग्ज पॅकेजमध्ये असतो, आणि ३.११ पासून ओएस, साइट, कोडेक्स वगैरे सुरुवातीची मॉड्यूल्स बायनरीच्या आतच गोठवून ठेवलेली असली तरी एनकोडिंग्ज अजून डिस्कवरूनच येतं. त्यामुळे घर सापडलं नाही की पहिली बोंब त्याचीच.

मग प्रश्न असा की माझ्याकडे कसं चालत होतं. एका ओळीची स्क्रिप्ट चालवली, जेसन मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याची फाइल कुठली ते छापलं. उत्तर आलं /यूएसआर/लिब/पायथन३.११/जेसन. म्हणजे तीन आठवडे आमचं स्टँडर्ड लायब्ररीचं फोल्डर कोणी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, डेबियन १२ चं स्वतःचं पायथन पण ३.११ च आहे, तेच वापरलं जात होतं. मी ते फोल्डर डिलीट करून परत चालवलं, तरी चाललं. हसू पण आलं आणि रागही.

४ मार्च

आज घर शोधायची पद्धत नीट वाचली, कारण अंदाजाने हात मारून उपयोग नाही हे कळलं. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर पायथन आधी स्वतःचं नाव बघतं, सी प्रोग्रॅमच्या आत बसवलेलं असलं तरी त्याचं डीफॉल्ट नाव पायथन३ च असतं, मग ते नाव पाथमध्ये (कमांड जिथे शोधतात त्या फोल्डरांच्या यादीत) शोधतं, मिळालं की त्या फोल्डरपासून एकेक पायरी वर चढत लिब/पायथन३.११/ओएस.पीवाय ही खुणेची फाइल आहे का ते बघतं. सापडली की तेच घर. नाही सापडली तर बिल्ड करताना जो प्रिफिक्स (इन्स्टॉल करायचं मूळ फोल्डर) दिला होता तो. तोही नसला तर मग वरची बोंब.

माझ्या मशीनवर पाथमध्ये /यूएसआर/बिन/पायथन३ होतं, एक पायरी वर चढलं की /यूएसआर, तिथे लिब/पायथन३.११ तयारच. तिच्या उबुंटूवर ३.१२ आहे, त्यामुळे ३.११ नावाचं फोल्डर कुठेच नाही. कोडं सुटलं.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे पायथनहोम हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोसेसला बाहेरून मिळणारी नाव-व्हॅल्यूची जोडी) सेट करणं, एरर मेसेज स्वतःच तसं सुचवतो. मी म्हटलं मेन फंक्शनमध्येच पुटएन्व्ह (व्हेरिएबल लावायचं सी चं फंक्शन) करून टाकू, बाहेर काही सांगायलाच नको. एक छोटं फंक्शन लिहिलं, आत २५६ चा लोकल बफर, त्यात पायथनहोम बरोबर अमुक तमुक असं जोडलं, पुटएन्व्हला दिलं, फंक्शन संपलं, पुढच्या फंक्शनमध्ये पायथन उठवलं. परत तीच एरर.

मेल्यावर पायथन एक यादी छापतं, "पायथन पाथ कॉन्फिगरेशन" अशा मथळ्याखाली, ती मी आत्तापर्यंत नुसती स्क्रोल करून पुढे जात होतो. आज ओळन् ओळ वाचली. पायथनहोमच्या पुढे लिहिलेलं होतं: सेट नाही. आणि जरा खाली, एन्व्हायरन्मेंट बरोबर १, म्हणजे व्हेरिएबल्स वाचायची परवानगी आहे, वाचायला गेलं पण तिथे काही नव्हतं. मी तर आत्ता सेट केलाय!

पुटएन्व्ह तुमची स्ट्रिंग कॉपी करत नाही. तुम्ही दिलेला पॉइंटरच एन्व्हायरन्मेंटच्या यादीत अडकवून ठेवतो. माझा बफर स्टॅकवर होता, फंक्शन संपल्यावर ती जागा पुढच्या फंक्शनने वापरली, नावासकट सगळं पुसलं गेलं, त्यामुळे चुकीची व्हॅल्यू पण नाही, व्हेरिएबलच गायब. सेटएन्व्ह वापरलं, ते कॉपी करतं, लगेच चाललं. मॅन पेजमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी ते पान किती वर्षं उघडलं नव्हतं ते सांगत नाही.

५ मार्च

मेनमध्ये सेट करण्याऐवजी चालू करायच्या शेल स्क्रिप्टमध्येच एक्सपोर्ट केलं, म्हटलं डोळ्यासमोर दिसेल. पहिल्यांदा /ऑप्ट/चाळण/रनटाइम/लिब दिलं, परत मेलं. पायथनहोमला लिबच्या वरचं फोल्डर लागतं, लिब/पायथन३.११ हे तो स्वतः जोडतो. आणि व्हेरिएबल दिला की शोधाशोध बंद, खुणेची फाइल आहे का हेसुद्धा बघत नाही, दिलं ते घर, विश्वास ठेवला. चांगलं का वाईट ते अजून ठरवलं नाही.

दोन वेगळी घरं पण देता येतात, मध्ये कोलन टाकून, एक निव्वळ पायथन फाइल्सचं आणि दुसरं कंपाइल केलेल्या मॉड्यूल्सचं. विंडोजवर कोलनच्या जागी सेमिकोलन, ड्राइव्हच्या अक्षरापुढे कोलन असतंच म्हणून. आम्हाला एकच पुरे.

एक किरकोळ: सीटाइप्स इम्पोर्ट होईना. पॅकेज बनवणाऱ्या स्क्रिप्टने फक्त पीवाय फाइल्स कॉपी केल्या होत्या, लिब-डायनलोड (कंपाइल केलेल्या मॉड्यूल्सचं फोल्डर) मागे राहिलं. पाच मिनिटांचं काम.

तिच्या उबुंटूवर चाललं. हुश्श.

७ मार्च, शुक्रवार

हुश्श लवकर म्हटलं.

एका वापरणाऱ्याच्या नियमांच्या स्क्रिप्टमध्ये सबप्रोसेसने बाहेरचा एक कमांड चालवतात, फाइल दुसरीकडे पाठवायला. तो कमांड स्वतः पायथनमध्ये लिहिलेला आहे, सिस्टमच्या पायथनवर चालतो. चाळणच्या बाहेर चालवला तर नीट, चाळणच्या आतून चालवला तर, हो, एनकोडिंग्ज नावाचं मॉड्यूल नाही.

मला हे सुचायला पाहिजे होतं. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणजे काही माझ्या प्रोग्रॅमच्या कानात सांगितलेली गोष्ट नाही, माझ्या पोटी जन्माला येणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला ती वारशाने मिळते, आणि तिच्या पोराला पण. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून हे असंच आहे आणि त्याचा उपयोगही तोच आहे. मी चाळणसाठी म्हणून पायथनहोम लावला, तो सिस्टमच्या ३.१२ ने उचलला, त्याने आमच्या रनटाइममध्ये लिब/पायथन३.१२ शोधलं, तिथे ३.११ आहे, खेळ खल्लास.

आणि माझ्या डेबियनवर काय झालं ते जास्त वाईट. तिथे सिस्टमचं पायथन पण ३.११, त्यामुळे ते आमचं घर घेऊन सुखाने उठलं, फक्त साइट-पॅकेजेस (वेगळी इन्स्टॉल केलेली पॅकेजेस) पण आमचेच घेतले, आणि त्या कमांडला लागणारं पॅकेज तिथे नव्हतं, त्यामुळे एरर आली ती त्या पॅकेजच्या नावाने. म्हणजे एकच चूक, दोन मशीनवर दोन वेगळ्या तक्रारी, आणि दुसरी बघून कोणालाही वाटावं की पॅकेज इन्स्टॉल करायचं राहिलंय. त्याने बिचाऱ्याने ते तीनदा इन्स्टॉल केलं होतं.

जेवणानंतर बाकीच्या भाषा काय करतात ते बघत बसलो (काम टाळणं म्हणा हवं तर). लुआचं मला सगळ्यात आवडलं, तिथे लुआ_पाथ_५_४ असा आवृत्ती लावलेला व्हेरिएबल आधी बघतात आणि तो नसेल तरच साधा लुआ_पाथ. त्यामुळे एका आवृत्तीसाठी लावलेली गोष्ट दुसरीच्या गळ्यात पडत नाही. पायथनहोममध्ये असं काही नाही, कुठल्याही आवृत्तीचं पायथन ते नाव वाचतं आणि विश्वास ठेवतं. आर चं वेगळंच, त्याची मूळ बायनरी थेट चालवली तर आर_होम सेट नाही म्हणून सरळ उठायलाच नकार देते, रोज आपण जो आर कमांड चालवतो ती एक शेल स्क्रिप्ट असते आणि तीच आधी आर_होम लावते. टीसीएलला टीसीएल_लायब्ररी. सगळ्यांच्या घरात हेच भांडण आहे तर.

१० मार्च, सोमवार

शनिवार-रविवार डोक्यात घोळत होतं. ठरलं ते असं: पायथनहोमला हातच लावायचा नाही. आपला स्वतःचा व्हेरिएबल, चाळण_होम, तो आपण वाचायचा आणि पायथनला एपीआयमधून सांगायचं. चाळण_होम वारशाने कुठेही गेला तरी जगात दुसरं कोणी त्या नावाकडे ढुंकूनही बघत नाही.

जुना रस्ता म्हणजे पाय_सेटपायथनहोम, पण तो ३.११ मध्येच डेप्रिकेट झालाय (म्हणजे आता वापरू नका असा शिक्का), आणि त्याला वाइड कॅरेक्टरची स्ट्रिंग लागते, गेटएन्व्ह (व्हेरिएबल वाचणारं फंक्शन) देतो साध्या बाइट्स, मध्ये डीकोड करणं आपल्यावर. नवा रस्ता पायकॉन्फिग, ३.८ मध्ये पेप ५८७ (पायथनच्या बदलाचा प्रस्ताव) मधून आलेला. एक स्ट्रक्चर असतं, त्यात होम नावाचा रकाना, बाइट्स दिल्या तर स्वतः डीकोड करून भरायचं फंक्शनही आहे. भरा, त्यावरून पायथन उठवा, स्टेटस तपासा, स्ट्रक्चर रिकामं करा.

सुरुवात दोन प्रकारे करता येते, पायथन कॉन्फिग किंवा आयसोलेटेड कॉन्फिग. पहिला नेहमीच्या पायथनसारखा वागतो, सगळे व्हेरिएबल्स वाचतो. दुसरा एन्व्हायरन्मेंटकडे बघतच नाही, युजरचं साइट फोल्डर पण घेत नाही. आम्हाला दुसराच पाहिजे, कारण उलटा प्रसंगही आहेच ना, दुसऱ्या कुठल्या टूलने आधीच पायथनहोम लावून ठेवला असेल आणि त्या टर्मिनलमधून चाळण चालवलं तर आपण त्याच्या घरात शिरू.

लिहिलं, कंपाइल केलं, पायथनहोमला मुद्दाम /काहीतरी/भलतंच लावून चालवलं. जेसनची फाइल: /ऑप्ट/चाळण/रनटाइम/लिब/पायथन३.११/जेसन. आणि रनटाइम फोल्डरचं नाव बदलून बघितलं तर मेलं. मरायलाच पाहिजे होतं. आज पहिल्यांदा खात्री झाली की आपलंच घर वापरलं जातंय.

११ मार्च

चाळण_होम कोणी लावलाच नाही तर काय, हा प्रश्न. क्रम असा ठेवला: कमांड लाइनवर दिलं असेल तर ते, नाहीतर व्हेरिएबल, नाहीतर आपली बायनरी जिथे पडलीय तिच्या शेजारचं रनटाइम फोल्डर. बिल्डमध्ये ठोकलेला पाथ चौथा ठेवणार होतो पण काढून टाकला, सोमवारी त्यानेच तर आपल्याला गंडवलं असतं.

बायनरी कुठे आहे ते लिनक्सवर /प्रॉक/सेल्फ/एक्झीवर रीडलिंक मारून कळतं. रीडलिंक शेवटचा शून्य बाइट टाकत नाही, तो आपण टाकायचा, हे मला माहीत होतं आणि तरीही विसरलो आणि पाथच्या शेवटी कचरा आला. विंडोज आणि मॅकसाठी वेगवेगळी फंक्शन्स आहेत, ती नंतर.

१३ मार्च, गुरुवार

हा दिवस लक्षात राहील.

तक्रार अशी आली की सर्व्हिस म्हणून चालवलेलं चाळण आणि हाताने चालवलेलं चाळण, दोघांत पायथनचं पॅचव्हर्जन सारखं, पण मॉड्यूल्स वेगळी दिसतात. म्हटलं होऊच शकत नाही, आता घर तर आपण पक्कं केलंय, व्हेरिएबल वाचतो, त्याला पुढे /लिब/पायथन३.११/ओएस.पीवाय जोडतो, ती फाइल खरंच आहे का तपासतो, मगच पुढे जातो. (पायथनहोमसारखा आंधळा विश्वास नको म्हणून हा चेक मी मुद्दाम लिहिला होता आणि त्याचा मला जरा अभिमानही होता.)

आधी बघितलं त्या सर्व्हिसला नेमकं काय मिळतंय. /प्रॉक मध्ये त्या पीआयडीच्या फोल्डरात एन्व्हायरॉन नावाची फाइल असते, प्रोसेस सुरू होताना मिळालेलं एन्व्हायरन्मेंट त्यात असतं, नोंदींच्या मध्ये शून्य बाइट असतात म्हणून टीआर मारून त्यांच्या नव्या ओळी करायच्या. (सुरुवातीचंच असतं हे लक्षात ठेवायचं, नंतर सेटएन्व्हने बदललेलं तिथे दिसेलच असं नाही.) तिथे ओळ होती: चाळण_होम बरोबर. पुढे काहीच नाही. सर्व्हिसच्या एन्व्हायरन्मेंट फाइलमध्ये कोणीतरी व्हॅल्यू पुसली होती पण नाव ठेवलं होतं.

आता गेटएन्व्ह. व्हेरिएबल नसेल तर नल देतो, असेल पण रिकामा असेल तर रिकामी स्ट्रिंग. माझा कोड फक्त नल तपासत होता. रिकामी स्ट्रिंग आली, तिला पुढचं जोडलं, तयार झालं /लिब/पायथन३.११/ओएस.पीवाय. रूटपासून. ही फाइल नसणार, चेक फेल होणार, स्वच्छ एरर येणार, बरोबर?

नाही. डेबियन १२ वर /लिब हा /यूएसआर/लिब कडे जाणारा सिमलिंक आहे. म्हणजे ती फाइल आहे! माझ्या अभिमानाच्या चेकने हसत हसत सिस्टमच्या पायथनला पास केलं आणि पुढे तेच घर लागलं. ज्या गोष्टीतून दहा दिवसांपूर्वी बाहेर पडलो त्याच गोष्टीत मागच्या दाराने परत.

पायथन स्वतःचे व्हेरिएबल वाचताना रिकामा म्हणजे नाहीच असं धरतं, नल आहे का आणि पहिला बाइट शून्य आहे का, दोन्ही बघतं. तेच उचललं. शिवाय खुणेची फाइल ओएस.पीवाय न ठेवता आपलीच एक वेगळी ठेवली, रनटाइमच्या आत चाळण-रनटाइम नावाची छोटी फाइल, आत आवृत्तीचा आकडा. ओएस.पीवाय काय, जगातल्या प्रत्येक पायथनच्या घरात असते.

१४ मार्च

कालच्याच धाग्यातलं. हाताने चालवताना लोक व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये (शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) लावतात आणि मग सर्व्हिसमध्ये का दिसत नाही म्हणून विचारतात. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) बॅशआरसी वाचत नाही, प्रोफाइल पण नाही, क्रॉन पण नाही, आणि सुडो डीफॉल्टला बहुतेक व्हेरिएबल्स गाळून टाकतो. जे सर्व्हिसच्या फाइलमध्ये लिहिलंय तेच मिळतं. आणि ती एन्व्हायरन्मेंट फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट नव्हे, दिसते तशी पण नाही, तिथे एक्सपोर्ट लिहायचं नाही आणि डॉलर होम लिहिलं तर ते तसंच्या तसं डॉलर होम म्हणूनच येतं.

तीच गत टिल्डची (~, शेलमध्ये म्हणजे आपलं होम फोल्डर). एकाने दोन अवतरण चिन्हांत टिल्ड स्लॅश चाळण असं लिहिलं होतं. टिल्डचं घर करणं हे शेलचं काम, तेही अवतरणात नसेल तरच. गेटएन्व्हला टिल्ड म्हणजे एक साधं अक्षर. मी आता एरर मेसेजमध्ये व्हॅल्यू जशीच्या तशी, दोन्ही बाजूंना अवतरण लावून छापतो, म्हणजे टिल्ड आणि शेवटी चिकटलेली स्पेस दोन्ही डोळ्यांना दिसतात. कोडमध्ये टिल्ड सोडवून द्यावी का? नाही. एकदा तिथे सुरुवात केली की डॉलर पण सोडवा म्हणतील, मग मी अर्धा शेल लिहीत बसणार.

रिलेटिव्ह पाथ आला तर सुरुवातीलाच रिअलपाथने पूर्ण करून घेतो. बास.

१७ मार्च

सहकारीने फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलं, /होम च्या आत चाळण असं, आणि सगळं चाललं, फक्त लॉग लिहिताना युनिकोड एनकोड एरर, सरोगेट्स चालत नाहीत म्हणे. मी तिला म्हटलं असं नाव कोण ठेवतं, ती म्हणाली टूलचं नाव तर तूच चाळण ठेवलंयस.

कारण सापडायला दुपार गेली. आयसोलेटेड कॉन्फिग लोकेललाही हात लावत नाही. नेहमीचं पायथन उठताना युजरचं लोकेल लावून घेतं, हे नाही, ते म्हणतं तो होस्ट प्रोग्रॅमचा प्रश्न. आणि आमच्या मेनमध्ये सेटलोकेल कधी बोलावलंच नव्हतं, म्हणजे सी लोकेल, म्हणजे ॲस्की. मग देवनागरीतला प्रत्येक बाइट ओळखीचा नाही म्हणून सरोगेटच्या रूपात लपवून ठेवला. फाइल उघडताना तो परत मूळ बाइट होतो म्हणून फाइल्स उघडत होत्या, पण तीच स्ट्रिंग यूटीएफ-८ फाइलमध्ये लिहायला गेलं की फुटतं. म्हणजे इथे मात्र खरंच एनकोडिंगचा दोष, आणि एररमध्ये एनकोडिंग्ज मॉड्यूलचं नाव नाही.

उपाय: मुख्य कॉन्फिगच्या आधी प्रीकॉन्फिग असतं, त्यात यूटीएफ-८ मोड १ करायचा आणि प्रीइनिशियलाइज करायचं. क्रम महत्त्वाचा, होमचे बाइट्स डीकोड होण्याच्या आधी हे झालं पाहिजे.

१९ मार्च

आयसोलेटेडचा आणखी एक प्रसाद. कंट्रोल-सी मारला की चाळण तिथल्या तिथे मरतं, स्क्रिप्टमधला फायनली ब्लॉक चालत नाही, अर्धवट फाइल तशीच राहते. आयसोलेटेडमध्ये सिग्नल हँडलर लावत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड इंटरप्ट नावाचं एक्सेप्शन तयारच होत नाही. इन्स्टॉल सिग्नल हँडलर्स हा रकाना १ केला, आता होतं. पण सी च्या बाजूने चालणाऱ्या लांबच लांब लूपमध्ये असताना कंट्रोल-सी आला तर तो पायथनकडे परत जाईपर्यंत कोणी ऐकत नाही. लूपमध्ये मधूनमधून सिग्नल तपासायला पाहिजे. यादीत टाकलं.

२१ मार्च

सकाळी विंडोजचा बिल्ड. तिथे घराची मांडणीच वेगळी, लिबच्या आत पायथन३.११ नावाचं फोल्डर नसतं, फाइल्स थेट लिबमध्येच. आपण स्वतःची खुणेची फाइल ठेवली होती ती इथे कामाला आली. सेटएक्सने व्हेरिएबल लावून त्याच उघड्या खिडकीत चालवून बघायचं आणि चालत नाही म्हणून वैतागायचं, हा प्रकार मी पण केला. सेटएक्स फक्त पुढे उघडणाऱ्या खिडक्यांना लागू. वाचायला वाइड वालं फंक्शन वापरलं, साधं वापरलं असतं तर परत कोडपेजची कटकट.

दुपारी सिस.एक्झिक्युटेबल (चालू पायथनच्या बायनरीचा पाथ). हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. एका स्क्रिप्टमध्ये "मी ज्या पायथनमध्ये चालतोय तेच परत चालव" म्हणून सिस.एक्झिक्युटेबल सबप्रोसेसला दिलं होतं. छापून बघितलं: /यूएसआर/बिन/पायथन३. घर आमचं, उंबरठा सिस्टमचा! कारण होम सांगितलं तरी नाव मी कुठेच सांगितलं नव्हतं, डीफॉल्ट पायथन३, पाथमध्ये शोधलं, मिळालं ते ठेवलं. रनटाइममध्ये बिन/पायथन३ पण टाकला आणि प्रोग्रॅम नेमच्या रकान्यात त्याचा पूर्ण पाथ भरला. नावात स्लॅश असला की पाथमध्ये शोधत नाही. त्या पोराला वेगळं घर सांगायची गरज नाही, बिनमधून एक पायरी वर चढलं की रनटाइम, तिथे लिब/पायथन३.११ आहेच, ४ तारखेला वाचलेली तीच चढाई.

आता कोणी म्हणेल की मग नुसता प्रोग्रॅम नेम दिला तरी घर आपोआप सापडलं असतं, होम भरायची गरजच काय. सापडलं असतं. पण मला आता कुठलीही गोष्ट आपोआप सापडलेली नको आहे.

२४ मार्च, सोमवार

टेस्टची यादी पक्की केली, प्रत्येक बिल्डला चालते. एन्व्ह उणे आय ने एकदम कोरं एन्व्हायरन्मेंट. पायथनहोम आणि पायथनपाथ दोन्ही भलतीकडे. चाळण_होम रिकामा. चाळण_होम नुसती एक स्पेस. अवतरणातली टिल्ड. देवनागरी फोल्डर. शेवटी जादा स्लॅश. आतून बाहेरचा पायथन कमांड चालवून तो त्याच्याच घरी जातो का. प्रत्येकात दोनच गोष्टी छापून बघतो, जेसनची फाइल कुठली आणि सिस.एक्झिक्युटेबल काय, आणि दोन्ही रनटाइमच्या आत नसतील तर फेल.

स्पेसवाली टेस्ट फेल गेली. स्पेस नावाचं फोल्डर रिअलपाथला मिळत नाही, तो नल देतो, आणि मी तो नल तसाच प्रिंटएफला दिला होता, त्यामुळे एररमध्ये अवतरणाच्या आत नल असं छापून आलं. मूळ व्हॅल्यू छापायची आणि पूर्ण केलेली वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची, असं बदललं.

चालू करायची शेल स्क्रिप्ट डिलीट केली. कंट्रोल-सीचं लूपमधलं काम तेवढं बाकी आहे, ते उद्या.